सरपण मोजायचे कसे? ढीग, वजन आणि ओलावा यांचा हिशेब

बांधावरच्या बाभळी विकायच्या म्हटले की बहुतेक गावांत एकच पद्धत दिसते. लाकडाचा व्यापारी येतो, झाडांखालून एक चक्कर मारतो, दोन-चार बुंध्यांना हात लावतो आणि उक्ता आकडा सांगतो. शेतकरी थोडे वाढवून मागतो, मधे कुठेतरी सौदा तुटतो. या सगळ्यात कोणीच काही मोजलेले नसते. फरक एवढाच, की व्यापाऱ्याने आधी शेकडो झाडे तोडून, भरून, काट्यावर घातलेली असतात, त्यामुळे त्याचा अंदाज पक्का असतो. आपण पंधरा-वीस वर्षांतून एकदा विकतो. आपल्याकडे अंदाजही नसतो.

कापूस क्विंटलने, ऊस टनाने, दूध फॅटवर विकणारा शेतकरी लाकूड मात्र डोळ्यांनी विकतो. घरच्या सरपणाचेही तसेच. 'दोन ट्रॉल्या टाकून घेतल्या, पावसाळा निघेल' असे म्हणायचे आणि ऑगस्टमध्ये ओल्या फाट्यांवर चूल फुंकत बसायचे. या लेखात दोन्हींचा हिशेब मांडला आहे. लागणारे साहित्य म्हणजे कापडी टेप, सुतळी, एक टांगता काटा आणि वही.

एका बांधाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याने बांधावरच्या चौदा बाभळी विकायच्या ठरवल्या. मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची होती. व्यापाऱ्याने उक्ते नऊ हजार रुपये सांगितले. शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, हा आकडा बरोबर आहे का?" खरे सांगायचे तर मला उत्तर माहीत नव्हते. म्हणून आम्ही झाडे मोजली.

प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटर उंचीवर, टेप लावून घेतला. आकडे सेंटिमीटरमध्ये असे आले: ६२, ७०, ७४, ८०, ८५, ८८, ९२, ९५, ९८, १०४, ११०, ११८, १२६ आणि १४०.

आता नुसती झाडे मोजून नगावर भाव ठरवला तर काय होते ते पाहा. घेर दुप्पट झाला की बुंध्याचा आडवा छेद चौपट होतो. म्हणजे ७० सेंमी घेराच्या दोन झाडांत मिळून जेवढे लाकूड, त्याच्या साधारण दुप्पट लाकूड १४० सेंमीच्या एकट्या झाडात असते. नगावर विकणारा माणूस मोठे झाड लहानाच्या भावात देऊन बसतो. म्हणून घेरांची बेरीज करून भागत नाही, घेरांच्या वर्गांची बेरीज करावी लागते. मोबाइलच्या गणकयंत्रावर पाच मिनिटांचे काम आहे. वरच्या चौदा झाडांच्या घेरांचे मीटरमध्ये वर्ग करून बेरीज केली तर ती १३.५ येते. तिला चौदाने भागले की ०.९६४ येतात आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे ९८ सेंमी. या बांधावरचे 'सरासरी झाड' ते ९८ सेंमीचे.

तेच झाड आधी तोडले. मनगटापेक्षा बारीक फांद्या घरच्या चुलीसाठी बाजूला काढल्या आणि उरलेले सगळे लाकूड तुकडे करून टांगत्या काट्यावर थोडे थोडे मोजले. एकूण ४२० किलो भरले. ४२० ला ०.९६ ने, म्हणजे त्या झाडाच्या घेराच्या वर्गाने भागले की साधारण ४३७ येतात. हा त्या बांधाचा गुणक झाला. आता ४३७ गुणिले १३.५ म्हणजे ५,९०० किलो. चौदा झाडांत मिळून सुमारे ५.९ टन ओले लाकूड.

हा हिशेब वहीवर दिसताच बोलणे बदलले. तोड आणि वाहतूक व्यापाऱ्याची, भाव जागेवर किलोला सव्वादोन रुपये, असे ठरले. (हा त्या वर्षीचा त्या गावचा भाव आहे, आजचा तुमच्या भागातला भाव वखारीत विचारूनच घ्यावा.) ५,९०० किलोचे १३,२७५ रुपये होत होते. नऊ हजारांपेक्षा चार हजार जास्त. आम्ही दोघेही खुशीत होतो.

व्यापाऱ्याने झाडे तोडली ती एप्रिलच्या सुरुवातीला. तुकडे बांधावर पडून राहिले. आज ट्रॅक्टर नाही, उद्या मजूर नाहीत, असे करत पाच आठवडे गेले. मेमध्ये लाकूड भुईकाट्यावर गेले तेव्हा चिठ्ठीवर आकडा होता ४,८७० किलो. हजार किलो कुठे गेले? मी आधी काट्यावर संशय घेतला, मग माझ्या हिशेबावर. योगायोगाने नमुना झाडाचे शंभर किलोचे तुकडे शेतकऱ्याने खुणा करून घरामागे ठेवले होते. ते पुन्हा मोजले तर ८३ किलो भरले. ५,९०० चे ८३ टक्के म्हणजे जवळजवळ ४,९००. काटाही बरोबर होता आणि हिशेबही. हजार किलो पाणी एप्रिल-मेच्या उन्हात उडून गेले होते आणि त्या पाण्याचे सुमारे तेवीसशे रुपये शेतकऱ्याच्या खिशातून गेले होते. भाव ओल्या लाकडाचा ठरला, वजन मात्र अर्धवट सुकलेल्या लाकडाचे झाले. सौदा ठरताना 'वजन कधी करायचे' हे मी विचारले नव्हते. चूक माझीच होती.

गुणक काढताना घ्यायची काळजी

एका बांधाचा गुणक दुसऱ्या बांधाला लावू नये. बाभळीचा गुणक कडुनिंबाला किंवा सुबाभळीला तर अजिबात लावू नये. प्रत्येक जातीसाठी वेगळे नमुना झाड तोडावे लागते. शेळ्यांसाठी दरवर्षी छाटल्या जाणाऱ्या झाडांत फांद्यांचे लाकूड कमी असते, त्यांचा गट वेगळा धरावा. झाड साडेचार फुटांच्या खालीच दुभंगलेले असेल तर दोन्ही खोडांचे घेर वेगवेगळे घेऊन त्यांचे वर्ग वहीत स्वतंत्र लिहावेत. उतारावरच्या झाडाची उंची वरच्या बाजूने मोजावी. मोठी झाडे उंचही असतात, त्यामुळे ही पद्धत मोठ्या झाडांचे वजन थोडे कमी आणि लहानांचे थोडे जास्त दाखवते. नमुना झाड सरासरी घेराचे निवडले की या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना फेडतात. वीसपेक्षा जास्त झाडे असतील तर दोन नमुना झाडे तोडावीत.

एक गोष्ट कुऱ्हाड लावण्यापूर्वीची. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरच्या वृक्षतोडीसाठी १९६४ चा कायदा आहे. साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, अंजन अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इतर जातींसाठीही तोडीचे आणि वाहतूक परवान्याचे नियम वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावेत, कारण लाकूड रस्त्यावर अडवले गेले तर त्रास मालकालाही होतो. आणि झाड नेमके बांधावर असेल तर शेजाऱ्याला आधी सांगावे. बांधाच्या झाडावरून झालेली भांडणे कोर्टात पिढ्यान् पिढ्या चाललेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

सरळ, जाड बुंधा जळणाच्या भावात देऊ नका. बाभळीचा पक्का गाभा औतांना, बैलगाडीच्या चाकांना वर्षानुवर्षे वापरात आहे, आणि इमारती किंवा अवजारी लाकडाला जळणापेक्षा वरचा भाव मिळतो. मात्र असे लाकूड घनफुटावर जाते आणि तिथे वेगळीच मेख आहे. बाजारात चालते ते 'पाव घेरा'चे सूत्र: मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे. मधला घेर ४० इंच आणि लांबी १० फूट असेल तर पाव घेर १० इंच, वर्ग १००, गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे ६.९४ घनफूट. गोल ओंडक्याचे खरे घनफळ काढले तर ते ८.८४ घनफूट येते. पाव घेराचे सूत्र खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजते. ओंडका चौकोनी कापताना बाजूच्या फळ्या वाया जातात म्हणून ही सूट धरलेली असते, तेव्हा ती फसवणूक म्हणता येणार नाही. पण त्या सूत्रावर विकताना पुन्हा 'सालीची घट' म्हणून दहा टक्के कोणी मागत असेल, तर सूट आधीच दिली आहे हे सांगता आले पाहिजे.

ओलावा: एकाच लाकडाचे दोन आकडे

ताज्या तोडलेल्या लाकडात जातीनुसार आणि हंगामानुसार ४० ते ५० टक्के पाणी असणे नेहमीचे आहे. चांगले सुकलेले सरपण १५ ते २० टक्क्यांवर येते. पण टक्के सांगण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांची सरमिसळ विस्तार कार्यकर्त्यांच्या अहवालांतही दिसते.

समजा लाकडाची चकती २५० ग्रॅम होती. प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसला वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवली आणि १५० ग्रॅम उरली. पाणी १०० ग्रॅम गेले. मूळ वजनाशी तुलना केली तर ओलावा ४० टक्के. कोरड्या वजनाशी केली तर तोच ओलावा ६७ टक्के. जळणाच्या व्यवहारात पहिली रीत वापरतात, सुतारकामात आणि लाकूड-शास्त्रात दुसरी. बाजारात मिळणारी, दोन टाचण्यांची ओलावामापक यंत्रे सहसा दुसऱ्या रीतीचा आकडा दाखवतात. यंत्रावर २५ दिसले तर पहिल्या रीतीने ते २० टक्के होतात. ही यंत्रे ताज्या लाकडावर भरवशाची नसतात. तीसच्या पुढचा आकडा आला की 'ओले आहे' एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. टाचण्याही सालीत खुपसू नयेत. तुकडा फोडून आतल्या ताज्या भागावर लावाव्यात.

यंत्र नसले तरी अडत नाही. ढिगातले पाच तुकडे निवडा: दोन जाड, दोन मध्यम, एक बारीक. त्यांना रंगाची खूण करा, एकत्र वजन करा आणि तारखेसह लिहून परत ढिगात मधोमध ठेवा. दर आठवड्याला तेच पाच तुकडे मोजा. सुरुवातीला वजन भराभर उतरेल, मग हळू. सलग दोन आठवडे घट एक टक्क्याच्या आत आली की ते लाकूड त्या हवेत जेवढे सुकायचे तेवढे सुकले. दोन तुकडे एकमेकांवर आपटून येणारा खणखणीत आवाज किंवा टोकाला पडलेल्या भेगा या जुन्या खुणा आहेत आणि उपयोगीही आहेत. मात्र भेगा बाहेरून पडतात. जाड ओंडक्याचे टोक भेगाळलेले असताना आत पाणी असू शकते.

विकताना हा हिशेब असा लावायचा. ४० टक्के ओलाव्याचे १,००० किलो लाकूड घ्या. त्यात कोरडा भाग ६०० किलो. तेच लाकूड २० टक्क्यांपर्यंत सुकले तर वजन होईल ६०० भागिले ०.८, म्हणजे ७५० किलो. ओल्याचा भाव तीन रुपये असेल तर सुकलेले चार रुपयांच्या खाली विकणे म्हणजे थांबल्याचा तोटा. चारच्या वर मिळत असतील तरच सुकवण्याला अर्थ आहे.

आता जळणाऱ्याच्या बाजूने पाहू. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून, जात कोणतीही असो, साधारण ४,४०० किलोकॅलरी उष्णता मिळते. बाभूळ चांगली आणि सुबाभूळ हलकी असे आपण म्हणतो ते आकाराच्या हिशेबाने खरे आहे. किलोच्या हिशेबाने त्यांच्यात फार थोडा फरक असतो. ओलाव्याने मात्र मोठा फरक पडतो. २० टक्के ओलाव्याला एका किलोतून सुमारे ३,४०० किलोकॅलरी मिळतात, ४० टक्क्यांना २,४०० आणि ५० टक्क्यांना १,९०० च्या आसपास. एक तर पाण्याच्या वजनात लाकूड कमी येते, आणि असलेल्या लाकडाला ते पाणी वाफ करून उडवावे लागते. ओले लाकूड चार रुपये किलो आणि सुके पाच रुपये किलो असेल तर हजार किलोकॅलरीला ओले पडते १ रुपया ६७ पैशांना आणि सुके १ रुपया ४७ पैशांना. स्वस्त दिसणारे महाग निघते, आणि त्याचा धूर ज्यांना खावा लागतो त्या बायकांना भाव ठरवताना कोणी विचारलेले नसते.

ढिगात लाकूड किती आणि हवा किती

काटा नसेल तिथे लाकूड ट्रॉलीने किंवा ढिगाने विकले जाते. परदेशातही घर तापवायचे लाकूड ढिगानेच विकतात. अमेरिकेत 'कॉर्ड' म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब असा १२८ घनफुटांचा ढीग. फ्रान्समध्ये 'स्टेर' म्हणजे एक घनमीटर. पण दोन्हीकडे अट एक आहे, लाकूड रचलेले असले पाहिजे. आपल्याकडे ट्रॉलीत ते फेकलेले असते.

समजा ट्रॉलीची आतली मापे १० फूट × ६ फूट × २ फूट आहेत. १२० घनफूट, म्हणजे वाळूच्या भाषेत १.२ ब्रास, किंवा ३.४ घनमीटर. वेडेवाकडे फाटे कसेही टाकले तर त्यात लाकूड साधारण ४० टक्के आणि बाकी हवा. सुकी बाभूळ घनमीटरला सुमारे ८०० किलो धरली तर लाकूड झाले १,०९० किलोच्या आसपास. तीच ट्रॉली तुकडे आडवे लावून भरली आणि लाकूड ५५ टक्क्यांवर गेले, तर जवळपास १,५०० किलो. ट्रॉली तीच, भाव तोच, फरक चारशे किलोंचा. विकत घेणाऱ्याने म्हणून ट्रॉली मोजू नये, उतरवून रचून घ्यावी आणि मग टेप लावावा.

रचलेल्या ढिगासाठी साधारण प्रमाणे अशी धरता येतात. नीलगिरी किंवा सुबाभळीचे सरळ, एकसारखे दांडे असतील तर ६५ ते ७० टक्के लाकूड. फोडून नीट लावलेले तुकडे ६० ते ६५. बाभळीच्या वाकड्या, गाठाळ फांद्या ४५ ते ५०. बारीक काटक्यांचा भारा २० ते ३०. पण दुसऱ्याचे प्रमाण घेण्यापेक्षा स्वतः मोजणे सोपे आहे. ढिगाच्या ज्या बाजूला कापलेली टोके दिसतात, तिथे खालच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणा. सुतळी जिथे जिथे लाकडाच्या टोकावरून जाते तेवढीच लांबी टेपने मोजून बेरीज करा, फटींवरची सोडून द्या. सुतळी ३ मीटर असेल आणि लाकडावरची लांबी १.८६ मीटर आली, तर ढिगात लाकूड ६२ टक्के. दुसऱ्या कर्णावर पुन्हा करा आणि दोन्हींची सरासरी घ्या. विस्तार कार्यकर्त्यांनी हा प्रयोग गटासमोर करून दाखवावा. दहा मिनिटांत होतो आणि लोकांना लगेच पटतो.

या प्रमाणांतून एक गमतीची गोष्ट निघते. ३ मीटर लांब, १.२ मीटर उंच आणि १ मीटर खोल असा ३.६ घनमीटरचा एक ढीग वाकड्या बाभळीचा आणि तेवढाच दुसरा सरळ सुबाभळीचा समजा. बाभळीत ५० टक्के लाकूड, म्हणजे १.८ घनमीटर, गुणिले ८०० म्हणजे १,४४० किलो. सुबाभळीत ६५ टक्के, म्हणजे २.३४ घनमीटर. तिचे सुके लाकूड हलके, घनमीटरला सुमारे ६०० किलो, म्हणून १,४०४ किलो. दोन्ही ढीग वजनाने आणि उष्णतेने जवळपास सारखेच. 'बाभळीचा ढीग आहे, जास्त द्या' असे कोणी म्हटले तर आधी सुतळी ताणून पाहावी.

सौद्यात काय लिहायचे

वहीचे एक पान पुरते. भाव किलोवर आहे की रचलेल्या घनमीटरवर. लाकूड ओले धरले आहे की सुके. तोडल्यापासून किती दिवसांत वजन करायचे, आणि त्यापेक्षा उशीर झाला तर वजन कसे धरायचे. आमच्या चौदा बाभळींच्या वेळी 'तोडल्यापासून तीन दिवसांत वजन, उशीर झाल्यास जागेवर ठेवलेल्या खुणेच्या तुकड्यांच्या घटीइतके वजन वाढवून धरायचे' एवढे एक वाक्य असते तर तेवीसशे रुपये वाचले असते. व्यापाऱ्याच्या बाजूनेही हे बरे आहे. पाऊस पडून लाकूड भिजले तर जादा पाण्याचे पैसे त्याला द्यावे लागत नाहीत.

भुईकाट्यावर रिकाम्या ट्रॉलीचे वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर, आपल्यासमोर करून घ्यावे. 'ट्रॉलीचे वजन माहीत आहे' हे ऐकून घेऊ नये. चालक एकदा बसलेला आणि एकदा उतरलेला असेल तर साठ-सत्तर किलोंचा फरक तिथेच पडतो. दोन्ही चिठ्ठ्या आपल्याकडे ठेवाव्यात आणि काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा पडताळणी शिक्का आहे का ते पाहावे. जुनी माणसे अजून मणात आणि खंडीत बोलतात. मण म्हणजे ४० किलो धरायचे की ४० शेरांचा, म्हणजे ३७ किलोंच्या थोडा वरचा जुना मण, हे आधी ठरवून घ्यावे.

घरच्या चार महिन्यांचे सरपण

आपल्याकडे घर तापवावे लागत नाही, पण आंघोळीचे पाणी तापवावे लागते आणि गॅस आला तरी बऱ्याच घरांत भाकरी, दूध, जनावरांचे खाद्य चुलीवरच होते. एकट्या बंबाचा हिशेब करून पाहा. ४० लिटर पाणी २२ अंशांवरून ६२ अंशांवर न्यायचे म्हणजे १,६०० किलोकॅलरी पाण्यात जायला हव्यात. लाकडातली चौथाई उष्णताच पाण्यात पोचली असे धरले तर सुके लाकूड लागेल सुमारे १.९ किलो आणि ४० टक्के ओले असेल तर २.७ किलो. प्रत्यक्षात ओले लाकूड नीट पेटत नसल्याने त्याहून जास्त लागते.

तुमच्या घराचा खरा आकडा मात्र तुमच्याच घरात मिळेल. सात दिवसांचे सरपण एकदम वजन करून वेगळे ठेवा आणि फक्त त्यातलेच वापरा. आठव्या दिवशी उरलेले मोजा. पाहुणे, सण, हुरड्याचा बेत असा आठवडा त्यासाठी निवडू नये. समजा आठवड्यात ३१.५ किलो गेले, म्हणजे रोजचे साडेचार किलो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, तेव्हा ५५० किलो. पावसाळ्याच्या दमट हवेत सुके लाकूडही थोडे पाणी परत ओढून घेते आणि चूल पेटवायलाही जास्त जाते, म्हणून पाचवा हिस्सा वर धरून ६६० किलो सुके सरपण.

आता उलटे जाऊ. १८ टक्के ओलाव्याच्या ६६० किलोंत कोरडा भाग ५४१ किलो. तेवढ्यासाठी ४० टक्के ओलाव्याचे ताजे लाकूड ५४१ भागिले ०.६, म्हणजे ९०० किलो तोडावे लागेल. आधीच्या बांधावरच्या ९८ सेंमीच्या झाडाचे ४२० किलो भरले होते. म्हणजे मध्यम आकाराच्या दोन बाभळी आणि वर थोड्या फांद्या. एवढ्या कुटुंबाचा पावसाळा एवढ्यात निघतो. हे एकदा कळले की बांधावर दरवर्षी किती झाडे वाढत राहायला हवीत, आणि किती फांद्या छाटून भागेल, हेही ठरवता येते.

रचल्यावर जागा किती लागेल? ६६० किलो म्हणजे ०.८२५ घनमीटर लाकूड आणि वाकड्या बाभळीत निम्मी हवा, म्हणून १.६५ घनमीटरचा ढीग. अर्धा मीटर लांबीचे तुकडे एका ओळीत, चार फूट उंच लावले तर सुमारे नऊ फूट लांब भिंत होते. पडवीत किंवा गोठ्याच्या आडोशाला सहज मावते.

तोड जानेवारी-फेब्रुवारीत उरकावी. मनगटाहून जाड तुकडे त्याच वेळी फोडून ठेवावेत, कारण साल न काढलेला अखंड ओंडका उन्हाळाभर पडूनही आतून ओला राहतो, आणि फोडलेला तुकडा दोन-तीन महिन्यांच्या उन्हात वापरण्याजोगा होतो. खाली दोन ओंडके किंवा दगड घालून ढीग जमिनीपासून वीतभर उचलावा. वारा ज्या बाजूने येतो तिकडे तुकड्यांची टोके करावीत. मे अखेरीस वरून पत्रा किंवा ताडपत्री टाकावी, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतले पाणी आतच राहते आणि बुरशी धरते. सुबाभळीचे लाकूड फार दिवस साठवू नये, भुंगेरे लागून त्याचे पीठ होते. ढिगात जाती मिसळल्या असतील तर ते आधी संपवावे आणि बाभूळ मागे ठेवावी. खुणेचे पाच तुकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणखी एकदा मोजा. वजन अजून उतरत असेल तर त्या ढिगातले जाड तुकडे श्रावणासाठी मागे सारून बारीक फाटे आधी चुलीत घाला.